रंगाऱ्याचं खाली उतरणं

मागच्या खोलीत ओल होती, म्हणून मुलगी हॉटेलात उतरायची. कंपनीच्या कामासाठी वर्षातून दोनदा ती या शहरात यायची, बाबांकडे तासभर बसायची, चार शिंका द्यायची आणि बॅग उचलायची. आई गेल्यापासून चार वर्षं हे असंच चाललं होतं. या वेळी मात्र ती फोनवर म्हणाली, "खोली नीट झाली असेल तर राहीन एक दिवस. शनिवारी येते."

बाबा प्लॅनिंग इंजिनिअर. रखडलेली बांधकामं वेळेत आणून देण्यात त्यांचा हातखंडा. अठरा महिन्यांचं इस्पितळ त्यांनी तेरा महिन्यांत उभं करून दाखवलं होतं. खोलीचं काम नऊ दिवसांचं आणि हातात पाच. त्यांनी जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला. टेबल चौघांचं होतं आणि तीन खुर्च्या रिकाम्याच असायच्या, त्यामुळे जागेची अडचण नव्हती. एकामागून एक करायची कामं एकाच वेळी सुरू करायची, ही त्यांची जुनी युक्ती. तक्त्यावरच्या कामांच्या पट्ट्या सरकवता सरकवता शनिवारी दुपारी चारला खोली तयार झाली. कागदावर.

शुक्रवारपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं. घरात माणसं बोलत होती, भांडत होती, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. बाबा दर तासाला चहा टाकत होते. कुणी नको म्हटलं तरी टाकत होते, कारण धुवायला चार कप असले की त्यांना बरं वाटायचं.

शनिवारी सकाळी फरशीवाला दारातच अडला. खिडकीवरच्या सामानाच्या माळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "रंगारी अजून वरच आहे. त्याचं होऊ द्या, मग मी बसतो."

"अहो, तो वर, तुम्ही खाली. तुमची गाठ पडतेच कुठे? दोन्ही कामं बरोबर चालू द्या."

"आणि ही शिडी?"

"बाहेर काढा. मध्ये येते."

एवढ्या मोठ्या इंजिनिअरला कोण शिकवणार? फरशीवाल्याने शिडी बाहेर काढली, खिडकीपासून फरशी बसवत मागे मागे दारापर्यंत आला, हात धुतले आणि चार वाजायला पाच मिनिटं असताना निघूनही गेला. बाबांनी तक्त्यातल्या फरशीच्या पट्टीवर समाधानाने खूण केली.

"साहेब," वरून आवाज आला, "माझंही झालं. शिडी लावा."

बाबा शिडी घेऊन दारापर्यंत गेले आणि तिथेच थिजले. तक्त्यात माळा घासणं होतं, रंगवणं होतं, दुसरा हातही होता. रंगाऱ्याचं खाली उतरणं मात्र कुठेच नव्हतं.

त्यांनी फरशीवाल्याला फोन लावला. "उद्या सकाळपर्यंत पाऊल टाकायचं नाही," तो म्हणाला. "फळी टाकलीत तर फळीसकट खचेल. मग सगळं उपटा!"

"उडी मारू का?" रंगाऱ्याने विचारलं.

"खबरदार!"

बाबांनी रोलरच्या लांब दांड्याला पिशवी बांधली आणि बिस्किटं, पाण्याची बाटली, उशी असं एकेक वर पोचवलं. रंगाऱ्याने बायकोला फोन करून 'कामात अडकलोय' असं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

सहाला मुलगी आली. बॅग हातातच ठेवून खोलीत डोकावली.

"बाबा, माळ्यावरून कुणाचे तरी पाय लोंबतायत."

"रंगारी आहेत. सकाळी उतरतील."

सगळं ऐकून ती इतकी हसली, की तिला खुर्ची ओढून बसावं लागलं. या घरात असं हसणं बाबांनी चार वर्षांत ऐकलं नव्हतं. हसता हसता तिची नजर तक्त्यावर गेली. शेवटच्या पट्टीवर लिहिलं होतं, 'मुलगी. मुक्काम, एक दिवस.'

"आणि याच्या पुढे काय आहे?"

"पुढे काही नाही गं. तक्ता तिथेच संपतो."

मग तिने बॅग खाली ठेवली. "मी आज बाहेरच्या खोलीत झोपते. आणि आता त्या खोलीत एक रात्र काढल्याशिवाय जायची नाही. ऑफिसला कळवते तसं. खरं सांगा, फरशी पक्की व्हायला किती दिवस?"

उभ्या आयुष्यात बाबांनी कुठल्याही कामाचा एक दिवससुद्धा वाढवून सांगितला नव्हता. त्यांनी घसा खाकरला.

"आठ," ते म्हणाले. "त्याआधी आत पाऊल टाकायचं नाही."

"आठ?" माळ्यावरून किंकाळी आली. "अहो साहेब, मी वर आहे!"