रस्त्यात गप्प राहायचं

"रस्त्यात बोलायचं नाही. एक शब्दही नाही. जमेल?" फादरांनी विचारलं.

"जमेल म्हणजे काय, फादर! मी मुळातच कमी बोलणारा माणूस. परवाच एक गिऱ्हाईक म्हणालं की..."

"बघा."

न्हाव्यानं तोंड मिटलं. गल्लीत त्याला सगळे रेडिओ म्हणत. गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण वाळून जायचा, पण याची गोष्ट संपायची नाही.

पण आजचं काम थट्टेचं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या गणिताच्या बाईंना दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तिथली पवित्र भाकर, म्हणजेच ख्रिस्तशरीर, नेऊन देण्याचं काम अकरा वर्षं त्याच्या बायकोनं केलं होतं. ती जाऊन आठ महिने झाले. तिची सगळी कामं हळूहळू दुसऱ्यांकडे गेली. स्वयंपाक बहिणीकडे गेला, कुंड्या शेजारणीकडे. हे एक तरी आपल्याकडे यावं म्हणून तो महिनाभर फादरांच्या मागे लागला होता.

"गळ्यात साक्षात प्रभू असतो," फादर म्हणाले. "त्याला घेऊन गप्पांचा फड जमवायचा नसतो. तसं काही कानावर आलं, तर पुढच्या रविवारपासून ते बँकेतले अबोल कारकून जातील."

त्यांनी भाकरीची सोनेरी डबी कापडी पिशवीत घातली आणि पिशवी त्याच्या गळ्यात अडकवली. न्हाव्यानं ती शर्टाच्या आत घेतली, वरचं बटण लावलं, छातीवर हात ठेवला आणि निघाला. घरी त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. जमलं नाही तर उगाच हसं व्हायचं.

पहिलं दुकान शिंप्याचं. "काय रेडिओ, आज दुकान बंद?"

न्हाव्यानं नुसती मान हलवली आणि पुढे गेला. शिंप्याची कात्री कापडातच थांबली. असल्या प्रश्नाचं उत्तर वीस वर्षांत कधी पंधरा मिनिटांच्या आत संपलं नव्हतं. तो गळ्यातल्या टेपसकट धावत बाहेर आला.

"अरे, बोल की! बरं नाही का?"

पिशवी हलू नये म्हणून न्हाव्यानं छातीवरचा हात आणखी घट्ट केला, चाल आणखी हळू केली.

"छातीत दुखतंय?"

न्हाव्यानं जोरात नकार दिला. पण असल्या वेळी माणसं नाहीच म्हणतात, हे शिंप्यानं ऐकलं होतं.

"ताई! ओ ताई! भावाला बघा तुमच्या!"

न्हाव्याची बहीण समोरच भाजी घेत होती. ती भाजीची पिशवी घेऊन धावली. "दादा, काय होतंय रे?"

धीर दे, असं मनात म्हणत न्हाव्यानं आभाळाकडे पाहिलं.

"अगं आई! डोळे फिरवले!"

डॉक्टरांचा दवाखाना चार पावलांवर. ते आले, त्यांनी मनगट धरलं. नाडी पळत होती. इतके शब्द आत कोंडल्यावर कुणाचीही पळाली असती.

"जीभ दाखवा."

न्हावी विचारात पडला. जीभ दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे, हे खरं. पण प्रभूच्या समोर जीभ बाहेर काढायची कशी? त्यानं ओठ घट्ट मिटले.

"जीभ हलत नाहीये," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "शर्ट उघडा."

न्हाव्यानं दोन्ही हातांनी स्वतःला मिठी मारली. शिंप्यानं मागून धरलं, डॉक्टरांनी बटण काढलं आणि आतली निळी पिशवी बाहेर आली. तिच्यावर पांढऱ्या दोऱ्यानं वाकडा क्रूस भरलेला होता. वहिनीच्या हातचा टाका बहिणीनं लगेच ओळखला.

"हात लावू नका! आत प्रभू आहेत!"

"आत कुठं?" डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानाला लावत विचारलं.

उत्तर द्यायला बहीण उभी नव्हतीच. तिनं भर रस्त्यात गुडघे टेकले होते आणि तिचे टोमॅटो उताराला लागले होते. शिंप्यानं न्हाव्याला सोडलं आणि तोही खाली बसला. डॉक्टर काही त्यांच्या चर्चचे नव्हते, पण सगळे खाली असताना आपण ताठ उभं राहणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी एक गुडघा टेकला. तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला, गुडघ्यावरचे डॉक्टर पाहिले आणि घाईघाईनं टोपी काढली. दोन बायका उतरून गुडघ्यावर आल्या. बाकीचे खिडकीतून विचारत होते, "कोण गेलं? कोण गेलं?"

न्हाव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला इतकं काही सांगायचं होतं! पण त्यानं बटण लावलं आणि चालू लागला. मागून बहीण, शिंपी, डॉक्टर, एकामागे एक, तेही चिडीचूप.

बाई पलंगावर केस विंचरून बसल्या होत्या. दारातली रांग पाहून म्हणाल्या, "एवढे कशाला? मी अजून आहे."

न्हाव्यानं डबी उघडली आणि अखेर तोंडही. "हे ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," बाई म्हणाल्या. भाकर जिभेवर घेऊन त्यांनी डोळे मिटले.

बाईंनी डोळे उघडताच न्हाव्याचा बांध फुटला. "बाई, अख्ख्या रस्त्यात मी एक शब्द बोललो नाही! मरायची पाळी आणली या लोकांनी, तरी नाही!"

"का बरं?"

"नियम आहे, बाई. आमच्या हिनं अकरा वर्षं पाळला ना?"

"तिनं?" बाई हसल्या आणि हसताना त्यांना ठसका लागला. "अहो, ती जिना चढताना बोलतच यायची. मला इथं पलंगावर ऐकू यायचं."

न्हावी चपापला. "कुणाशी?"

बाईंनी त्याच्या गळ्यातल्या पिशवीकडे बोट दाखवलं. "त्याच्याशी. म्हणायची, बाई, घरी माझा नंबर लागतच नाही. आठवड्यात एवढा वेळच कुणीतरी माझं ऐकून घेतं."

बहिणीनं तोंडाला पदर लावला. शिंपी टेपवरचे आकडे वाचू लागला. न्हाव्यानं पिशवीवरच्या वाकड्या क्रुसावरून बोट फिरवलं.

काम त्याच्याकडेच राहिलं. पुढच्या रविवारी रस्ता मोकळा सापडला. त्यानं मागेपुढे पाहिलं, मान खाली घातली आणि हळूच विचारलं, "प्रभू, काय काय सांगायची ती माझ्याबद्दल?"

आणि उत्तर ऐकायला तो बाईंच्या दारापर्यंत गप्प चालत राहिला.