मेधावहिनींचे भोपळे

आमच्या समोरच्या मेधावहिनींच्या दारात ऑक्टोबर लागला की भोपळे बसू लागतात. चांगले लालभडक, गरगरीत, देठासकट. आधी एक, आठवड्याने दुसरा, मग तिसरा. बाजूला झेंडूच्या कुंड्या आणि दारावर खजूर उतरवून झालेले रिकामे घोस. रियाधमध्ये उन्हाळा आणि कमी उन्हाळा असे दोनच ऋतू असतात, असा माझा समज होता. वहिनींनी तो मोडीत काढला.

"शरद ऋतू आहे, भाऊजी. दार सजवायला नको? खलास, विषय संपला."

वहिनी इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे त्या म्हणतील तेव्हा विषय संपतो. गाडी स्वतः हाकतात. कुणी आडवा घुसला तर काच खाली करून त्याला अस्सल सांगलीच्या मराठीत झापतात. तो मुकाट्याने गाडी मागे घेतो. त्याला काय कळतं कोण जाणे, पण कळतं.

बिल्डिंगमधली पोरं विचारतात, "आंटी, हॅलोवीन?"

"नो, मॅथ्स," वहिनी सांगतात. "जो अभ्यास करणार नाही, त्याला यातला एक मिळेल." पोरांना मराठीतला भोपळा ठाऊक नाही. ती खूश होऊन जातात.

वहिनी करतील ती फॅशन, असा आमच्या बिल्डिंगचा रिवाज आहे. दोन वर्षांत मजल्यामजल्यावर भोपळे आले. माझ्या बायकोनेही दोन आणवले. चौथ्या दिवशी घरातली भाजी संपली, तेव्हा त्यातला एक ओट्यावर आला आणि मला हाक आली. आख्ख्या भोपळ्याला बाईने सुरी लावायची नाही, पहिली सुरी घरातल्या पुरुषाने लावायची, हा तिच्या माहेरचा दंडक. स्वयंपाकघरात माझा उपयोग तेवढाच. शनिवारपर्यंत आमची सजावट आम्ही खाऊन टाकली होती.

वहिनींची रांग मात्र वाढतच होती.

यंदा एका गुरुवारी संध्याकाळी त्या मला लिफ्टमध्ये भेटल्या. एका हातात गूळ आणि कणकेची पिशवी, काखेत भोपळा. दाराशी पोचतोय तोच त्यांचा फोन वाजला. पलीकडे श्रीकांतराव, त्यांचे यजमान. ते पाच तासांवर रास अल खैरला प्लांटवर असतात आणि शुक्रवार-शनिवारच्या सुटीला घरी येतात.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "हो, शटडाऊन म्हटल्यावर कसे सोडतील? नाही हो, अजून काही केलेलं नाहीये मी. जेवा वेळेवर."

फोन ठेवून त्यांनी काखेतला भोपळा रांगेत मांडला. सातवा. देठ नीट पुढे वळवला.

उन्हाळाभर प्लांट जोरात चालतो. ऊन उतरलं की तो दुरुस्तीला बंद ठेवतात आणि माणसांच्या सुट्या रद्द होतात. म्हणजे दरवर्षी नेमक्या याच दिवसांत. माझी ट्यूब तेव्हा कुठे पेटली.

"वहिनी, हे सगळे घारग्यांचे?"

"त्यांना फार आवडतात. दर गुरुवारी आणते. ते येत नाहीत, मग हा दारात बसतो. तुम्ही सगळे सजावट म्हणालात, मीही म्हणाले."

"अहो, मग द्या सुरी, मी लावतो! नाहीतर तुम्हीच कापा. गणिताच्या बाई तुम्ही, असलं काय मानता?"

"मानतं कोण?" त्या हसल्या. "सासूबाईंनी सांगितलं तेव्हाही मी हसलेच होते. पण कापला की ते आले नाहीत हे पक्कं होतं. भोपळा दोन-दोन महिने टिकतो, भाऊजी. म्हणून तर भोपळा आणते, पालक नाही आणत."

या बाईला कशाचं काही वाटत नाही, असं मी चार वर्षं धरून चाललो होतो.

पुढचे दोन गुरुवारही तसेच गेले. त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर एकच बोंब उठली: मेधा मॅडमचे भोपळे चोरीला गेले! मी दार उघडलं तर घारग्यांचा वास जिन्यापर्यंत आला होता. समोरचं दार सताड उघडं. आत श्रीकांतराव बनियनवर, हातात सुरी, घामाघूम. वहिनी एकेक भोपळा त्यांच्यापुढे सरकवत होत्या आणि ते प्रत्येकाला पहिली सुरी लावत होते.

मला पाहून वहिनी घारग्यांची ताटली घेऊन बाहेर आल्या. दारात झेंडूच्या कुंडीमागे एक भोपळा अजून शाबूत होता.

"हा एक विसरलात," मी म्हणालो.

वहिनींनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"विसरले नाही. उद्या संध्याकाळी ते परत निघतील. हा पुढच्या गुरुवारचा."

आणि वाकून त्यांनी त्याचा देठ नीट पुढे वळवला.