भाऊजींनी पोर्ट उघडलं

"पाच वाजता फोनमध्ये बघ. बाबांचं कासव पानं खाताना दिसेल," असं भाऊजींनी मेव्हणीला छातीठोकपणे सांगितलं आणि तिथेच सगळा घोळ सुरू झाला.

मेव्हणी कामासाठी दूरच्या शहरात गेली होती. भाऊजींचे सासरे, म्हणजे तिचे बाबा, वारल्यापासून त्यांचं तीस वर्षांचं कासव तीच सांभाळायची. ते भाऊजींच्या हवाली करणं तिच्या अगदी जिवावर आलं होतं, कारण मागच्या खेपेला तिच्या कुंड्यांना पाणी घालणारं यंत्र बनवून त्यांनी सगळी झाडं वाळवली होती. या वेळी नाक कापून घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

कॅमेरा भिंतीवर बसला. तो बाहेरून दिसायचा तर इंटरनेटच्या डब्यात एक पोर्ट, म्हणजे नंबर दिलेली एक वाट, उघडावी लागते. भाऊजींनी ती उघडली, स्वतःच्याच कॉम्प्युटरवर तपासली आणि कॉलर ताठ केली. कामावर निघालेली बायको म्हणाली, "घरात बसून घरातलंच दिसलं, त्यात काय मोठंसं? बाहेर जाऊन बघा. आणि जाताना दार लावा."

पहिली सूचना त्यांनी लगेच पाळली. दार मात्र ओढलं की आपोआप लागणारं, आणि किल्ली कुठे ठेवली ते आठवेना. म्हणून दारात बूट अडकवून ते वरच्या मजल्यावर निवृत्त ग्रंथपाल बाईंकडे गेले. तिथेही कॅमेरा दिसला. भाऊजींना आभाळ ठेंगणं वाटू लागलं. बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "पण माझं नेटही तुमच्यासारखं तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडूनच येतं ना?"

म्हणजे हेही घरातच! सगळ्या इमारतीचं कनेक्शन एकच, आणि मुख्य डबा डॉक्टरांच्या दवाखान्यात. खरी वाट तिथे अडली होती. भाऊजी खाली धावले. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण डबा नेमका पेशंटच्या खुर्चीच्या वर. पेशंट आ वासून पडलेला आणि त्याच्या डोक्याशी स्टुलावर भाऊजी, आकडे पुटपुटत. कॅमेऱ्याचा नंबर बघायला वर, तो डब्यात भरायला खाली, मोबाईलच्या नेटवरून तपासायला रस्त्यावर. बंद. पुन्हा वर, पुन्हा खाली. चौथ्या खेपेला पेशंटनेच बधिर जिभेने नंबर सांगितला. एव्हाना त्याचा तो पाठ झाला होता.

पाचाला दोन मिनिटं कमी असताना रस्त्यावर फोनमध्ये घर दिसलं. दोन-दोन पायऱ्या चढत भाऊजी घरात शिरतात तोच फोन वाजला.

"भाऊजी, चित्र अगदी स्वच्छ आहे," मेव्हणी म्हणाली. "कासव कुठंय?"

भाऊजी पलंगाखाली शिरले, कपाटामागे गेले, बादलीतसुद्धा डोकावले. सासऱ्यांची जिवंत आठवण एवढी एकच उरली होती, आणि तीही त्यांनी हरवली होती.

"तिथे शोधू नका. दुपारचं रेकॉर्डिंगही दिसतंय," मेव्हणी थंडपणे म्हणाली. "साडेतीनला निघालं. दारापर्यंत पोचायला तासभर लागला. तेवढ्या वेळात तुम्ही त्याला तीनदा ओलांडून गेलात."

भाऊजी बाहेर धावले. जिन्याच्या वरच्याच पायरीशी कासव मान काढून खाली बघत उभं होतं. म्हणजे आत्ताही ते त्याला ओलांडूनच आले होते. त्याला उचलून छातीशी धरताना भाऊजींना रडूच फुटलं.

तेव्हापासून मेव्हणी रोज पाच वाजता न चुकता कॅमेरा उघडते. कासवाकडे ती बघतसुद्धा नाही. भाऊजींनी दार लावलंय का, तेवढं बघते आणि कामाला लागते.