बासिलियाबाई लाँचमध्ये बसत नाहीत

"लाँचमध्ये मेंढरं बसवा! मी माझ्या गाडीतून उतरणार नाही!" बासिलियाबाईंनी घरूनच बजावलं होतं.

गाडी म्हणजे जुनीच मिनीबस, पण घरात आलेली कालच. कोपाकाबानाला देवीच्या दारात पाद्रीबाबांकडून तिच्यावर तीर्थ शिंपडून घ्यायचं होतं, तेही नणंदेच्या ट्रकाआधी! ज्यांची गाडी आधी पावन होईल, तिच्यातूनच यंदा गावच्या देवीची मिरवणूक, असं पंचांनी ठरवलं होतं.

"अहो, दुसरी चावी माझ्याकडे द्या. तुम्ही स्वतःलासुद्धा हरवाल!"

नवऱ्याने, फाउस्तिनोने, ती काढून दिली.

वाटेतलं तितिकाका सरोवर ओलांडायचं तर गाडी तराफ्यावर आणि माणसं लाँचमध्ये, हा तिकिनाच्या धक्क्याचा नियम. बाई निमूट उतरल्या. नवऱ्याला वाटलं, ऐकलं हिनं! तो तिकिटं काढायला वळला आणि बाई घेरदार परकर आवळून मागच्या सीटखाली कांबळ्यात शिरल्या.

फाउस्तिनोने गाडी तराफ्यावर चढवली, हँडब्रेक ओढला, चावी खिशात टाकली. बघतो तर लाँच सुटलेली आणि तिच्यात बायको नाही! बिचारा हाका मारत काठावर उतरला. इकडे तराफाही सुटला.

भर पाण्यात कांबळ्यातून काळी टोपी वर आली.

"अहो, पोचलो का?"

"अगं आई गं! गाडीत म्हातारी!" तराफेवाला पाण्यात पडता पडता वाचला.

"म्हातारी असेल तुझी सासू!"

पलीकडे लागल्यावर तो म्हणाला, "चावी?"

"नवऱ्याकडे."

"नवरा?"

"त्या काठाला."

"मग तुम्ही तरी उतरा, बाई!"

"गाडी सोडून? मेले तरी नाही!"

मागच्या काठावर बसवाले तराफ्यासाठी कोकलत होते. तराफेवाल्याने कपाळ बडवलं आणि बाईंना गाडीसकट परत न्यायला निघाला. निम्म्यात समोरून लाँच आली. तिच्यात फाउस्तिनो!

"अहो, इकडे!"

"अगं, तिथंच थांब!"

"थांबू कशी? तराफा काय माझ्या बापाचा आहे?"

पुढच्या लाँचने फाउस्तिनो अलीकडच्या काठाला परतला, तेव्हा त्याचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता. तोवर पलीकडून येऊन शेजारी दुसरा तराफा लागला. त्यावर तीर्थ शिंपडून परतलेला, फुलांनी मढलेला ट्रक आणि लाँचमधून उतरून त्याच्याकडे निघालेली नणंद निकोलासा!

"वहिनी, अजून इथंच? मिरवणुकीत या हं, मागं जागा ठेवते!"

आयुष्यात चारचौघांत टोपी न उतरवलेल्या बाईंनी रागाने ती उपटून खिडकीतून तराफ्याच्या फळ्यांवर आदळली. टण्‌! टोपीतून दुसरी चावी उडाली आणि तराफेवाल्याच्या पायाशी पडली.

त्याने चावीकडे पाहिलं. फाउस्तिनोने बायकोकडे पाहिलं, मग शहाणपणाने सरोवराकडे.

"बघताय काय? सांभाळून ठेवली होती की नाही मी?"