विमानाच्या नाकात गेलेली कवळी

"खऱ्या विमानात आन माह्या विमानात फरक एकच राहीन," सेवकरामनं बायकोला बजावलं, "माहं उडणार नाई!"

"जमिनीवर तरी धड राहू द्या," म्हणत सुलोचनाबाईंनी त्याच्या पसाऱ्याखालून आपला पोळपाट ओढून घेतला.

सेवकराम जवाहरनगरच्या लष्करी फॅक्टरीत ड्राफ्ट्समन. दिवसा रेघा ओढायच्या आणि संध्याकाळी क्वार्टरमध्ये सुट्या भागांच्या किटमधून प्लॅस्टिकची वीतभर विमानं जोडायची, असा त्याचा क्रम. विमानाच्या पंखाकडे तो जितकं लक्ष देई, त्याच्या पावपट सायकलच्या ब्रेककडे दिलं असतं तर दोन्ही गुडघे शाबूत राहिले असते!

यंदा त्यानं नागपूरच्या फुटपाथवर एक जुनं विलायती मासिक चाळलं आणि तो बिघडला. तिकडचे शौकीन म्हणे किटमधली सीट, चाकं, धुराडं फेकून देतात आणि त्या जागी रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेले, बारीक कोरीव भाग बसवतात. सीटवरचे पट्टे दिसतात, पट्ट्यांची बक्कलंसुद्धा दिसतात! त्या दिवसापासून सेवकरामला किटमधली सीट झिजलेल्या साबणाच्या चिपटीसारखी दिसू लागली.

विलायतेहून माल मागवणं काही जमणारं नव्हतं. पण सासरे भय्याजी धाकट्या मुलीच्या लग्नासाठी कवळीचं माप द्यायला गावाहून भंडाऱ्याला आले. सेवकराम त्यांच्यासोबत कवळ्या करणाऱ्या तुलारामच्या दुकानात गेला आणि दारातच थबकला. गुलाबी पावडर, उग्र वासाचा द्राव, प्लास्टरचे साचे... अरे, हे तर रेझिनच!

दुसऱ्या दिवशी तो मेणात कोरलेली सीट घेऊन एकटाच हजर.

"हे वरचं होय का खालचं?" तुलारामनं विचारलं.

"अरे, सीट होय! पायलटची!"

"चावाचं काई काम नाई नं इले?"

"नाई बाप्पा!"

"मंग होऊन जाईन. पण भाऊ, पावडरीचा डबा एकच उरला, आन थो तुमच्या सासऱ्याचा. नवा माल सोमवारी येईन. तुमच्या साळीचं लगन तं रविवारीच आहे."

"नखाएवढी सीट! तिनं का मामाजीचे दात कमी होतात?"

सीट अशी देखणी निघाली की बाजूची चाकं मिऱ्यांसारखी दिसू लागली. म्हणून चाकं झाली. चाकांपुढे शेपटीतलं धुराडं फुटक्या चिलमीसारखं वाटलं. म्हणून धुराडं झालं. एक भाग सुधारला की शेजारचा उघडा पडतो. या शौकात जमा आणि खर्च एकाच बाजूला मांडावे लागतात. रंग लागेपर्यंत विमान गुलाबी हिरड्यांनी हसत होतं!

मग विमान चाकांवर उभं केलं आणि ते मटकन शेपटीवर बसलं. धुराडं जड! नाक आभाळाकडे करून ते भाकर मागणाऱ्या कुत्र्यासारखं पाहू लागलं.

"नाकात वजन भरा लागते," तुलाराम म्हणाला. एव्हाना तोही पुरता पेटला होता.

"किती लागन?"

"डब्यात आहे तेवढं."

सेवकरामला सासऱ्यांची आठवण आली. क्षणभरच आली.

पावडर कालवली, नाकात ओतली. आता हे मिश्रण घट्ट होताना चटका बसेल इतकं तापतं, आणि त्याचा द्राव किटच्या प्लॅस्टिकला खातो, हे दोघांनाही एकाच वेळी कळलं. नाक आधी मऊ झालं, मग लोंबलं आणि पोपटाच्या चोचीसारखं वळून टेबलाला टेकलं. तोल मात्र साधला!

डबा रिकामा. लग्न दोन दिवसांवर. सेवकराम तोंड लपवून क्वार्टरमध्ये बसला.

शनिवारी भय्याजी कवळी न्यायला आले. तुलारामला खोटं बोलता येत नसे.

"तुमची पावडर जवायाच्या विमानात गेली."

"कोणत्या विमानात?"

"फौजेच्या. लढाऊ."

भय्याजींनी बोटांवर मोजायला घेतलं. जावई फॅक्टरीत. फॅक्टरीत काय बनतं ते जावई कधी सांगत नाही. तुलाराम तर सरळ माणूस. त्यांच्या डोक्यात सगळा हिशेब पक्का जुळला.

रविवारी शिव्या खायच्या तयारीनं मांडवात शिरलेल्या सेवकरामला भय्याजींनी कडकडून मिठी मारली!

"माह्या तोंडात दात काहून नाईत, मालूम आहे का?" ते बोळक्या तोंडानं वऱ्हाड्यांना सांगू लागले. "देशाच्या विमानात गेले!"

"मामाजी, थे खेळण्यातलं विमान होय," सेवकराम कळवळून म्हणाला.

"हो हो, खेळण्यातलं!" भय्याजींनी डोळा मारला. "गुपित राखा लागते. समजते मले!"

मांडव गहिवरला. सगळ्यात आधी भय्याजींच्या शेजारचे म्हातारे गोमाजी उठले. त्यांनी तोंडात हात घातला, कवळी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि सेवकरामच्या हातात ठेवली. मागोमाग गावातल्याच म्हाताऱ्या पार्वताबाई आल्या. "लढाईच्या वक्ती फौजेले डोरलं देल्लं होतं, बापू. आता हेच उरलं," एवढं सांगून त्यांनी आपल्या कवळीचे वरचे-खालचे दात त्याच्या ओंजळीत सोडले. टाळ्या पडल्या!

सुलोचनाबाईंनी सगळं पाहून घेतलं आणि वडिलांना बाजूला ओढलं. "बाबा, गोमाजीकाकाची लावून पाहा नं. जेवणापुरती."

लावली. आणि काय सांगावं, मापानं केल्यासारखी बसली! सेवकरामचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच भय्याजींनी ती ओढून काढली.

"देशाची वस्तू मी घालू? हट!"

मुलीच्या लग्नात बाप वरणात भात कालवून गिळत राहिला. डाव्या बाजूला गोमाजी, उजव्या बाजूला पार्वताबाई, दोघंही तेच गिळत होते. हात धुताना भय्याजी म्हणाले, "जवाईबापू, दात जमा करा आन पावती आणा. शिक्का पायजे त्यावर!"

"आता?" सेवकरामनं बायकोकडे पाहिलं.

"विमान बनवता येते," सुलोचनाबाई म्हणाल्या, "शिक्का नाई बनवता येत?"

सोमवारी नागपूरहून पावडर आली. तिच्यातून सगळ्यात आधी काय बनलं असेल, तर तो शिक्का! गोल, सुबक, मधोमध चक्र. सेवकराम संध्याकाळच्या बसनं सासुरवाडीला पोचला आणि त्यानं पावती सासऱ्यांपुढे ठेवली. गोमाजी आणि पार्वताबाई ओसरीवर वाटच पाहत बसले होते.

भय्याजींनी कागद चष्म्याजवळ नेला. शिक्का तपासला, सही तपासली. दोन्हींत काही खोट सापडेना. मग त्यांची नजर तारखेवर गेली आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"सोमवारी जमा, आन सोमवारीच पावती?" ते कडाडले. "हे सरकारी काम नाई! काढा आमचे दात!"