भूगोलसरांचे नऊ तास

फोन आला तेव्हा भूगोलसर पाय पसरून रविवारचा पेपर वाचत होते. विमानतळावरून एक मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, तुमच्या आई विमानातून उतरत नाहीयेत."

"माझी आई? ती तर तिच्या घरी आहे."

"नाही सर, आमच्या विमानात आहेत. बाकीचे सगळे उतरले. त्या म्हणतात, तुमचं शहर अजून यायचंय."

सरांच्या हातातला पेपर हळूच मांडीवर आला. आईकडे जायचा विषय निघाला, किंवा आईच यायचं म्हणाली, की सर वर्षानुवर्षं एकच सांगत आले होते, "अगं, विमानानेसुद्धा नऊ तास लागतात." एकदा तर नकाशा पसरून समुद्रावरून केवढा वळसा पडतो तेही त्यांनी बोटाने दाखवलं होतं. मुलगा शाळेत भूगोल शिकवतो म्हटल्यावर आईने शंका कशाला घ्यावी? आता भाचीने गुपचूप तिकीट काढून आजीला बसवून दिलं होतं, आणि विमान पन्नास मिनिटांत पोचलं होतं.

पलीकडून आईचा आवाज आला. "अरे, हे लोक मला मधेच उतरवतायत. मी आत्ता कुठे मानेखालची उशी फुगवून डोळे मिटले होते."

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण बायको भाजी निवडता निवडता कान देऊन ऐकत होती. सर म्हणाले, "उतर आई. आज वारा पाठीमागून होता, म्हणून लवकर पोचलं."

"आठ तास लवकर?"

"जोराचा होता."

मुलाचा शब्द म्हणून आई उतरली. इकडे बायकोही हातातली भाजी तशीच टाकून निघाली. "तो वारा मलाही बघायचाय," एवढंच ती म्हणाली.

विमानतळाच्या दारात आई चाकाच्या खुर्चीत बसली होती आणि तिने पायलटचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"फार उपकार झाले हो. तुम्ही आणि त्या वाऱ्याने माझे आठ तास वाचवलेत."

पायलट गोंधळला. "आजी, वारा नव्हताच. हे रोजचं आहे. पन्नास मिनिटं. सकाळी एक विमान, संध्याकाळी एक."

बायकोने सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं. आईनेही मुलाकडे पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. मग ती पायलटला समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुम्ही नवीन असाल. माझा मुलगा भूगोल शिकवतो."

पायलटने टोपी सारखी केली आणि काढता पाय घेतला.

तिघं गाडीत बसून घरी निघाले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सर कसेबसे म्हणाले, "आई, माझं चुकलं."

"असू दे रे," आई हळू आवाजात म्हणाली. "एवढीच एक पंचाईत आहे. मुलगा येत का नाही म्हणून शेजारणी विचारायच्या, त्या सगळ्यांना मी नऊ तास सांगून ठेवलेत. म्हणून परत जाईन तेव्हा तिथल्या विमानतळावर आठ तास बसून राहीन, आणि मग घरी जाईन. कोणी तुला खोटारडा म्हणायला नको."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गलका केला, तरी सरांची गाडी जागची हलेना.