ट्रिप्सिनचं उद्घाटन

आफरीनला फसवणारा माणूस अजून सोलापुरात जन्माला यायचा होता. निदान तिचं स्वतःचं तरी असंच ठाम मत होतं!

तिच्या पीएचडीचा शेवटचा प्रयोग तेवढा राहिला होता. त्यासाठी लागणारं मानवी ट्रिप्सिन तीन महिने ताटकळत ठेवून एकदाचं परदेशातून आलं. आपल्या आतड्यात प्रथिनं पचवतं तेच हे ट्रिप्सिन. फक्त माणसाच्या पोटातून न काढता जंतूंकडून तयार करून घेतलेलं. बोटाच्या पेराएवढी बाटली, एका प्रयोगापुरती. ठेवायची उणे वीस अंशांत, कारण उकाड्यात राहिलं तर ट्रिप्सिन स्वतःलाच पचवून मोकळं होतं! आणि बाहेर सोलापूरचा एप्रिल. प्रबंध द्यायची मुदत महिनाअखेर.

"उद्घाटन करू," विभागप्रमुख बिराजदार सर म्हणाले.

"कशाचं, सर?"

"ह्या बाटलीचं! आपल्या कॉलेजात पहिल्यांदाच असलं काही आलंय. संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते पूजा, नारळ, फोटो. दहा मिनिटांचं काम!"

"सर, ती फ्रीजरमधनं बाहेर काढता येत नाही."

"मग बर्फात ठेवू की! आम्ही काय अडाणी आहे का?"

उद्घाटनाची दहा मिनिटं म्हणजे किती, हे सोलापुरात राहून ज्याला कळत नाही त्याला पीएचडी देऊच नये. आफरीनला कळत होतं. तिनं तसलीच एक रिकामी बाटली घेतली, मिठाचं पाणी भरलं, खऱ्या बाटलीचं लेबल सोलून तिच्यावर डकवलं आणि ती सजवलेल्या टेबलावर बर्फात ठेवली. खरी राहिली फ्रीजरमध्ये. करा म्हणावं आता काय पूजा करायची ती!

अकराचे अध्यक्ष दोनला उगवले. तोवर सरांनी ती बाटली तान्ह्या लेकरासारखी सांभाळली. घडीघडीला बर्फ बदलायचा, जवळ येईल त्याच्यावर खेकसायचं. "सावली धरा! ऊन लागतंय तिला!" बाटलीला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. हाराखाली बाटली दिसेना, म्हणून अध्यक्षांनी हाराचंच उद्घाटन केलं. मग नारळ, मग सत्कार, मग पुन्हा तोच सत्कार, कारण पहिल्याचा फोटो हलला होता.

"हे पचनाचं औषध," अध्यक्ष भाषणात गरजले, "घराघरात पोचलं पायजे!"

आफरीननं मनापासून टाळ्या वाजवल्या. मिठाच्या पाण्याचा एवढा मान जगात कुठं झाला नसेल! हसू दाबायला तिनं समोर आलेलं ताक तोंडाला लावलं. काय गार होतं! तिनं आणखी एक ग्लास मागून घेतला.

पाहुणे गेल्यावर ती प्रयोगशाळेत आली आणि तिनं फ्रीजर उघडला. आत ताकाचे दोन रिकामे कॅन!

"मावशी!"

ईरम्मा मावशी तीस वर्षं ह्या प्रयोगशाळेत कामाला. पदराला हात पुसत आली. "काय झालं गं पोरी?"

"हितं बारकी बाटली होती!"

"व्हय की. सर म्हनले, पाव्हन्यांना ताक गार पायजे. जागाच न्हवती, मग सगळं काढून खिडकीत ठिवलं."

"कधीपासनं?"

"सकाळपासनं." मावशी तिच्या तोंडाकडं बघायला लागली. "त्या बाटलीवर नाव न्हाय, गाव न्हाय. आन् तुजी खरी तर भाईर बर्फात हुती न्हवं?"

खिडकीतली बाटली चटका बसण्याइतकी तापली होती. सहा वर्षांची मेहनत! आफरीनला रडूच फुटलं.

मावशीनं जाऊन सांगितलं तसे सर धावत आले. दोन्ही हातांत बर्फाचं भांडं.

"अगं, रडतीस कशाला? तापलं असेल दुसरं काही! तुझं ट्रिप्सिन बघ, कणभर ऊन लागू दिलं नाही मी. सकाळपासनं जेवलोसुद्धा नाही. चल, लाव प्रयोग!"

"सर, ते..."

उपाशी माणसाला खरं कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं निमूट दुधाच्या परीक्षानळीत ते मिठाचं पाणी घातलं. ट्रिप्सिन असतं तर पातळ केलेलं ते दूध दहा मिनिटांत नितळ झालं असतं. दोघं डोळे लावून बसली. अर्धा तास गेला. दूध आपलं पांढरंशुभ्र.

सरांनी कपाळाचा घाम पुसला.

"घाबरू नको. परदेशी माल आहे, आपल्याकडचं दूध पचायला वेळ लागणारच की! आपण बसू निवांत. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे न्हवं तुझी?"